चिमूटभर मीठ

प्रिय आई,

लिहायला बसलेय खरी, पण एका जागी बूड टिकेल तर शपथ! समुद्राचं पाणी गोडं झालं, आई. बाटलीभर नाही, अख्ख्या गावाला पुरेल इतकं होणार आहे, आणि काल मंजुरीसुद्धा मिळाली. तू मला बडबडी म्हणतेस ना, मग आज ऐकूनच घे.

आमच्या कारखान्यात समुद्राचं पाणी प्रचंड दाबाने बारीक पडद्यांतून ढकलतात. मीठ मागे राहतं, पाणी पुढे जातं. ऐकायला सोपं, पण त्या दाबाला वीज इतकी लागायची की पाणी खात्याचे साहेब आम्हाला पांढरा हत्ती म्हणायचे. शेवटी मागे उरलेल्या खाऱ्या पाण्यात जो जोर शिल्लक असतो, तोच आम्ही नव्या पाण्याला ढकलायला वापरला आणि विजेचं बिल दणकन खाली आलं. ते खारं पाणीही आता किनाऱ्याजवळ ओतत नाही, लांब आत नेऊन पसरवून सोडतो, नाहीतर मासे आम्हाला शिव्या देतील. मग साहेबांची एकच अट उरली. गावाने हे पाणी आवडीने प्यायला हवं, नाहीतर मोठा कारखाना विसरा.

पहिला नळ आपल्याच गल्लीत सोडला. साहेब मंडळी इस्त्रीचे कपडे घालून हजर. शेजारच्या काकूंनी पेला भरला, घोट घेतला, तोंड वाकडं केलं, तशाच आत गेल्या आणि चिमूटभर मीठ घालून पाणी ढवळत बाहेर आल्या! जन्मभर विहिरीचं मचूळ पाणी प्यायलेली जीभ ती. जे मीठ काढायला आम्ही रक्ताचं पाणी केलं, ते काकूंनी एका चिमटीत परत घातलं. आधी संताप आला, मग हसू आवरेना. पण त्यांचं काय चुकलं? पाण्याला खरंच काही चव नव्हती. मग आम्ही ते चुनखडीच्या खड्यांवरून सोडायला लागलो आणि पाण्यात जीव आला. काल काकूंनी पेला रिकामा केला आणि न ढवळता दुसरा भरला. साहेब बघत होते. मी सगळ्यांदेखत काकूंना मिठीच मारली.

डॉक्टरांनी तुझं मीठ तोडलं आणि इथल्या पाण्यातच मीठ, म्हणून तू दादाकडे गेलीस. त्या दिवशी बस सुटल्यावर मी रडले, ते तुला कधी कळवलं नाही. या कारखान्यात नोकरी धरली ती तुझ्यासाठी, हेही कधी सांगितलं नाही. आज सकाळी डॉक्टरांना आपल्या नळाच्या पाण्याच्या तपासणीचा अहवाल दाखवला. ते म्हणाले, आईंना खुशाल आणा. तुझी खोली झाडून ठेवलीय. दादा कुरकुरेल, कुरकुरू दे. तू घरी ये. काकूंनी मात्र पाणी पुढे केलं, तर आधी मला चाखू दे.

तुझीच,
बडबडी