फ्रॉक कोणी शिवला

कार्डिफ,
१७ सप्टेंबर २००६

प्रिय आसावरी,

तुझे दोन्ही मेसेज मिळाले. वॉर्डात नर्सेस कमी आहेत, शिफ्टवर शिफ्ट चालू आहे, हे खरं. पण तेवढ्यासाठी फोन टाळत नव्हते. तुझ्या तनूची केनियाला जायची तयारी कुठवर आली? बॅग भरणं मात्र थांबव. का, ते लिहूनच सांगते. फोनवर तू मध्येच बोलशील आणि मी गप्प बसेन.

तिथे किसुमूला ट्रस्टच्या अनाथ मुलांच्या कॅम्पमध्ये पहिले दिवस छान गेले. राजीवने सगळी व्यवस्था चोख ठेवली होती. मुलं लाघवी. एवढंच खटकायचं, की आई-वडील कसे वारले हे प्रत्येक मूल त्याच शब्दांत सांगायचं, पाढे म्हटल्यासारखं.

मग आकीनी नावाच्या एका मुलीचा फ्रॉक खांद्यावर उसवला. रविवारी मुलं चर्चला जाऊन आली, तर फ्रॉक बारीक टाक्यांनी शिवलेला. "कोणी शिवला गं?" मी इंग्लिशमध्ये विचारलं. "माय मदर," ती म्हणाली, आणि तिने चटकन तोंडावर हात ठेवला.

राजीवला सांगितलं, तर तो हसला. "अगं मधू, इथे मावशीलाही आईच म्हणतात."

पटलं मला. पण दुसऱ्या दिवशी आकीनी कॅम्पमध्ये नव्हती. कुठे गेली, कोणी सांगेना. स्वयंपाकाच्या बाई तर मला पाहिलं की पाठ फिरवायच्या.

शेवटी बाजारात शोधत गेले. मासे विकणाऱ्या एका बाईला चिकटून ती बसली होती. मला पाहताच बाईने तिला मागे ओढलं. "यू आस्क्ड," ती म्हणाली. "नाऊ नो कॅम्प, नो स्कूल."

तिच्याकडूनच कळलं, पाहुण्यांसमोर स्वतःला अनाथ म्हणायचं, ही कॅम्पची अट होती. चुकलं की नाव कमी. आसावरी, माझ्या एका प्रश्नाने त्या पोरीची शाळा सुटली.

राजीवला तोंडावर विचारलं. त्याचा आवाजही चढला नाही. "आई असलेल्या मुलांसाठी कार्डिफहून तू आली असतीस?"

तो तुझा सख्खा भाऊ. मी या देशात नवीन होते तेव्हा त्यानेच मला खोली मिळवून दिली होती. म्हणून परत आल्यावर इतके दिवस तोंड उघडलं नाही. परवा मात्र ट्रस्टींना सगळं सांगितलं. आकीनीला आधी शाळेत घ्या, मग काय ती चौकशी करा, म्हटलं. उद्यापासून ती शाळेत जाईल, असा काल त्यांचा फोन आला. शनिवारी वेम्बलीत ट्रस्टची मीटिंग आहे. राजीव येणार आहे. मी त्याच्यासमोर बोलेन.

एक विचारायचं राहिलं. मी निघताना एअरपोर्टवर तू मला म्हणालीस, "मुलांना घरचं काही विचारू नकोस हं, रडतात बिचारी." विमानात तो तुझा हळवेपणा वाटला होता. आता रोज ते वाक्य उलटंसुलटं करून पाहते.

तुला ठाऊक होतं का गं?

'नव्हतं' एवढंच लिही. मी विश्वास ठेवायचा प्रयत्न करीन.

आज तरी तुझीच,
मधुमती