उकळलेला साचा

अहो,

गाडीची किल्ली शोधू नका, ती मी बरोबर नेतेय. आज कुपवाडला कामावर एसटीनंच जा. रात्रभर तुमचा श्वास कितीदा अडकला, ते छातीवर ठेवलेल्या माझ्या हाताला ठाऊक. अशा झोपेवर गाडी नको.

काल शोधत होतात तो दातांचा साचा सापडला. आईंनी बाळाच्या बाटलीबरोबर उकळला, पार वाकलाय. तो घेऊन सांगलीला दातांच्या डॉक्टरांकडं निघालेय. साच्यानं खालचा जबडा पुढं धरला तरच तुमचा गळा उघडा राहतो. झोपेत हवा देणाऱ्या मशीनचा मास्क तर तुम्हाला सोसला नाही. नवा साचा मिळेस्तोवर कुशीवर झोपा.

आईंवर रागावू नका. "लेकाचं दात सरळ करायचं हाय ते, नीट धुवायला नको व्हय?" म्हणाल्या. आपणच तसं सांगितलंय. पुढंही तेच सांगा. मामंजी असेच घोरता घोरता श्वास अडकून गप्प झाले, तेव्हा आईंना वाटलं, आज माणूस निवांत झोपला. त्यांच्या अंगावर वाकळ घालून त्या कूस बदलून झोपल्या. झोपेत सुखानं गेले, असं अजून सगळ्यांना सांगतात. तेवढं त्यांच्याकडं राहू द्या.

भाकरी टोपलीत आहे.

प्रियदर्शनी