आठ हजार सांगितलेला कॅमेरा

आप्पा, कोरीटचा फोटोग्राफर आज दुकानात आला होता. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या वर्षी तुमचा पहिला डिजिटल कॅमेरा ज्याला विकलात, तोच. आता त्याच्या लेकीला कॅमेरा हवा आहे. पण आधी त्याने पिशवीतून तुमचा बंद पडलेला कॅमेरा आणि त्यातलं कार्ड काउंटरवर ठेवलं. "ताई, आप्पास्नी आठ हजार फोटो काढेल सांगेल व्हतं. खरं काय शे ते देखी सांग." आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच लागलं. घेतल्यानंतरच्या पहिल्याच लग्नसराईत, नवरी माळ घालत असताना शटर अडकलं आणि पुढचे सगळे फोटो काळे आले. नंतर त्याला कुणी लग्नाला बोलावलं नाही. जाब विचारायला तो आला तेव्हा तुमचा दहावा चालला होता, म्हणून गुपचूप बसून परत गेला.

कॅमेरा मेला तरी शेवटच्या फोटोत आकडा लिहिलेला असतो. आजवर शटर किती वेळा उघडलं, त्याचा. कार्ड कॉम्प्युटरला लावलं. एक लाख तीन हजार. त्याने स्वतः जेमतेम पाच हजार फोटो काढले होते, म्हणजे तुम्ही विकलात तेव्हा अठ्ठ्याण्णव हजार झालेले होते. असलं शटर लाखभर टिकतं. तुम्ही फोटोच्या नावातला नंबर वाचून दाखवला होता आणि तो नंबर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवनंतर पुन्हा एकपासून सुरू होतो. तुमचं आयुष्य रोलच्या कॅमेऱ्यावर गेलं. रोल बदलला की आकडा शून्यावर, हे तुमच्या बोटांत बसलेलं. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांमागे दिवसभर बटण दाबत होतात, त्यातलं एकही दाबणं पुसलं गेलं नव्हतं.

मी त्याला म्हटलं, आप्पांना माहीत नव्हतं, ते खोटं बोलले नाहीत. तो म्हणाला, "मंग कोनले माहित व्हतं?" मी लेन्स पुसत राहिले.

मला माहीत होतं, आप्पा. तुमचे फोटो कॉम्प्युटरवर मीच उतरवायचे. तीच नावं पुन्हा यायची, म्हणून दर खेपेला वेगळा फोल्डर करायचे. तसे दहा फोल्डर झाले होते. पण आदल्याच आठवड्यात तुम्ही मला दुकानात झापलं होतं: "गिऱ्हाईकना समोर माले शिकाडू नको." म्हणून तुम्ही आठ हजार म्हणालात तेव्हा मी मान खाली घालून बिल लिहिलं.

उद्या सकाळी कोरीटला जाणार आहे. माझा स्वतःचा चांगला कॅमेरा त्या मुलीला देणार, आणि आधी खरा आकडा तिच्या वडिलांसमोर उघडून दाखवणार. तो विचारेपर्यंत थांबणार नाही. आप्पा नाही, मी गप्प बसले होते, हे पोराटोरांसमोर, सगळ्या गल्लीसमोर सांगायचं ठरवलं आहे. तुमच्या नावावर राहिलेलं हे मला काढायचंच आहे.

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या जुन्या कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवते. फक्त एक राहिलं. तुमच्या धाकाने गप्प बसले असं वर लिहिलं, ते अर्धंच खरं आहे. तो विकला गेला की नवा येणार होता, आणि तो तुम्ही माझ्या हातात देणार होतात. मला तो हवा होता, आप्पा.