उस्तादांच्या खणातली डिस्क

४ मार्च, सोमवार
फडकं दिलं हातात! पहिली नोकरी, पहिला दिवस, आणि मालकांचं पहिलं वाक्य काय, तर आधी काउंटरची काच पुसून घे.

पुसली. काय करणार? मग कामं सांगितली — फोन घ्यायचे, पावत्या फाडायच्या, गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं. मी म्हटलं, मी कम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स केलाय, अर्जही दुरुस्तीच्या जागेसाठीच केला होता. मालक हसले. मुलींच्या हातांना चटके बसतात म्हणे सोल्डरिंगचे. त्यांची स्वतःची मुलगी समोरच औषधांचं दुकान चालवते, एकटी. तिला नाही का बसत चटके कसले?

मागच्या खोलीत उस्ताद बसतात. खरं नाव कोणी घेत नाही. वीस वर्षं तेच टेबल, तेच भिंग. मी आत डोकावले तर मान वर करायचेही कष्ट घेतले नाहीत.

आईने विचारलं, कसा गेला दिवस. छान, म्हटलं.

६ मार्च, बुधवार
अजून काचच.

९ मार्च, शनिवार
आज नाही ऐकलं! एकाने लॅपटॉप आणला, दहा मिनिटांत आपोआप बंद पडणारा. उस्ताद जेवायला गेलेले. मालक फोनवर. मी काउंटरवरच उघडला. पंख्यात मांजराच्या केसांचा हा एवढा बोळा! काढला, पंखा साफ केला, चिप थंड ठेवणारी वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. तासभर चालू ठेवला, कुठे काही नाही.

मालक भडकले. कोणाला विचारून हात लावलास? दुकान तुझ्या बापाचं आहे का? माझेही कान तापले, ओठांवर आलेलं गिळलं. तेवढ्यात उस्ताद आले. लॅपटॉप कानाशी धरून पंख्याचा आवाज ऐकला, खालचे स्क्रू तपासले. मग मालकांना एवढंच म्हणाले, "हिला आत बसव."

मालकांनी खांदे उडवले. सोमवारपासून मी आत!

१४ मार्च, गुरुवार
उस्तादांसारखा हात मी पाहिला नाही. जळालेला भाग नुसत्या वासावरून सांगतात. चुकलं तर ओरडत नाहीत, काढून पुन्हा करायला लावतात. चार दिवसांत जे शिकले ते वर्षभराच्या कोर्समध्ये नव्हतं. रागाला आज सुट्टी.

पलीकडच्या शाळेतल्या बाई आल्या होत्या. त्यांची हार्ड डिस्क मरायला टेकलेली, आणि पंधरा वर्षांचे धडे, प्रश्नपत्रिका, सगळं त्यातच. उस्तादांनी दोन दिवस खपून एकूण एक फाईल वाचवली. बाईंचे डोळे भरून आले. जाताना मला म्हणाल्या, तू इथे आहेस ते बरं झालं, बाईमाणूस असलं की निर्धास्त वाटतं.

२० मार्च, बुधवार
अक्षर वाईट येतंय, येऊ दे.

उस्ताद आज आले नाहीत, दाताचं काहीतरी. एका गिऱ्हाइकाचा कम्प्युटर फॉरमॅट करायचा होता, आधी त्याचं सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायला हवं होतं. दुकानाची डिस्क भरलेली. उस्तादांच्या खणात एक काळी डिस्क असते, ती घेतली. जोडली. फोल्डरच फोल्डर. एकतीस. प्रत्येकाला एकेका बाईचं नाव. एकाही पुरुषाचं नाही.

शाळेतल्या बाईंचं नावही होतं. तेवढंच उघडलं. धडे नव्हते, प्रश्नपत्रिका नव्हत्या. नुसते फोटो. बाईंचं छातीचं ऑपरेशन झालं असणार. रोज डॉक्टरांना दाखवायला काढलेले जखमेचे फोटो. दुसऱ्यावरच बंद केलं.

आणि त्या मला म्हणाल्या होत्या, निर्धास्त वाटतं!

२१ मार्च, गुरुवार
विचारलं. तोंडावर विचारलं. उस्ताद भिंगातून वर न बघता म्हणाले, बॅकअप आहे, गिऱ्हाईक चार महिन्यांनी रडत येतं तेव्हा कामाला येतो. मी म्हटलं, मग पुरुष रडत नाहीत का? त्यांचा कुठे आहे?

भिंग खाली ठेवलं. "तुला या टेबलाशी बसवलं कोणी, ते विसरू नकोस."

विसरले नाही म्हणून तर जास्त संताप येतोय! बोलता बोलता त्यांचे हात रॅमची टोकं इतक्या अलगद पुसत होते. तेच हात.

मालकांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी डिस्क मागवली, स्वतःच्या कपाटात टाकली, किल्ली खिशात. झालं, मिटला विषय, म्हणाले. मी म्हटलं, निदान उघडून तरी बघा. तर म्हणे, मी बघितलं नाही आणि बघणारही नाही. उस्ताद गेला तर दुकानाला कुलूप लागेल. तू काल आलीस, उद्या जाशील.

२२ मार्च, शुक्रवार
आईला सांगितलं. पहिली नोकरी आहे, जरा दमाने घे, असं म्हणाली. मी ताटावरून उठले. मग ती बराच वेळ मशीनवर कापड तसंच धरून बसली. ती बायकांचे कपडे शिवते. मापांची वही कपाटात, मलासुद्धा उघडू देत नाही. म्हणाली, मी कुणाचं माप कुणापाशी बोलले असते, तर या दारात एक बाई उभी राहिली नसती. मशीनवर झाकण घातलं.

२३ मार्च, शनिवार
बाईंच्या घरी गेले. वाटलं होतं, ऐकून पेटून उठतील, आम्ही दोघी मिळून पोलिसांत जाऊ. रस्ताभर वाक्यं जुळवली होती.

त्यांनी ऐकलं. पंखा बंद केला, पुन्हा लावला. म्हणाल्या, कुणाला सांगू नकोस. चार महिन्यांनी निवृत्त होतेय, मुलांचे आईबाप रोज फाटकात भेटतात. मी आवाज चढवला. त्यांच्या घरात, त्यांच्यावर! असंच गप्प बसता म्हणून हे लोक सोकावतात, असं काय काय बोलले.

"राग तुझा आहे," म्हणाल्या. "फोटो माझे आहेत."

परत येताना आधी त्यांचा राग, मग स्वतःचा. कुठला जास्त, ठरवता येईना.

२५ मार्च, सोमवार
मालकांना म्हटलं, उस्ताद राहणार असतील तर मी नाही. क्षणभरही विचार केला नाही त्यांनी. ठीक आहे, म्हणाले. तीन आठवड्यांची नोकरी! पाना-पेचकस माझे स्वतःचे होते, ते उचलले. उस्तादांनी मान वर केली नाही, पहिल्या दिवसासारखीच.

दारातून पुन्हा म्हटलं मालकांना, एकदा उघडून बघा. बाकी काही नको, नावं तेवढी वाचा.

२७ मार्च, बुधवार
दुपारी मालक आमच्या दारात. आईने बसा म्हटलं, बसले नाहीत. हातरुमालात गुंडाळलेली डिस्क काढून माझ्यासमोर धरली. चेहरा असा की मी ओळखलंच नसतं.

वाचली होती नावं. त्यांच्या मुलीचं नाव त्यात होतं. गेल्या वर्षी तिचा लॅपटॉप उस्तादांनीच दुरुस्त केला होता, घरचाच माणूस म्हणून.

म्हणाले, "एवढं एक पुसून दे. पुसलेलं परत काढता येतं म्हणतात, तुला नीट पुसता येईल. तिला कळता कामा नये."

एवढं एक! तीस बायका चालल्या, एकतिसावी नाही चालली! तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, आणि बाकीच्या? उस्तादांना सकाळीच हाकललं, म्हणाले. जसं काही माझ्यावर उपकार.

ओरडणार होते. पण आई बघत होती, आणि माझ्याच डोक्यात एक प्रश्न अडकला — पुसायचं की नाही हे ठरवणारे हे कोण? आणि मी तरी कोण?

डिस्क घेतली. तुमच्या मुलीला विचारल्याशिवाय हात लावणार नाही, म्हटलं. ते परत मागत राहिले. आईने त्यांना हात जोडले आणि दार लावून घेतलं.

२८ मार्च, गुरुवार
सकाळी मालकांच्या मुलीच्या औषधांच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. सगळं सांगितलं, तिच्या बाबांचं बोलणंसुद्धा. ती गोळ्यांच्या पट्ट्या लावत होती, लावत राहिली. रांग पुरी केली.

मग म्हणाली, "पुसू नकोस. पोलिसांत तक्रार माझ्या एकटीच्या नावाने करू, बाकीच्यांना विचारल्याशिवाय कुणाचं नाव नाही."

आणि भर धंद्याच्या वेळी शटर खाली ओढलं.