पडल्यानंतरचे घाव

१२ मार्च

चि. बंधूस,
ताईचे अ. उ. आ.

तुरुंगातून सुटून महिना होत आला तरी तुझं पत्र नाही. भंगाराच्या अड्ड्यावर कामाला लागलास, हे मला चर्चच्या नव्या पाळकांकडून कळलं. सख्ख्या भावाची खबर परक्याच्या तोंडून कळावी, इतकी मी दूरची झाले का? राग असेल तर लिही, मनसोक्त बोल, पण तोंडाला कुलूप लावून बसू नकोस.

दुकान ठीक चाललंय. बाबांच्या वेळचा मांस तोडायचा ओंडका मधोमध खोलगट झाला होता, तो तासून घेतला. तासताना सुताराला एका फटीत लांब केस सापडले. मी म्हटलं, बकऱ्याचे असतील. तो हसला नाही. ते बाजूला ठेवून पुन्हा तासायला लागला.

त्याच ओंडक्यावर माझं डोकं दाबून तुझे दाजी केस ओढत होते आणि तू उपासना आटोपून थेट दुकानात आलास, अंगात पाळकाचा पांढरा झगा. सुरीला धार लावायची लोखंडी सळई उचललीस. पहिला घाव बसला आणि माझी मान सुटली. तो घाव माझ्यासाठी होता, ते उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण मग ते खाली पडले, आणि पडल्यावरही तू मारत राहिलास. डावा डोळा गेला तो पडल्यावर. खुबा मोडला तोही पडल्यावर. मी पुरे पुरे म्हणून ओरडत होते आणि तू दात-ओठ खात बायबलमधली वचनं म्हणत होतास. पांढरा झगा कोपरापर्यंत लाल झाला होता.

न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा मी हेच सांगितलं. माझा धंदाच कापायचा आहे रे. कुठला घाव गरजेचा आणि कुठला नुसत्या हौसेचा, एवढं मला कळतं.

मी त्यांच्याकडे परत गेले नाही आणि जाणारही नाही. ते ट्रक चालवू शकत नाहीत, आता वजनकाट्यावर बसतात. पण एक गोष्ट छळते. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेत प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट बाकावरून हातोहात येतं. ज्याच्या मनात कुणाबद्दल वैर आहे त्याने तुकडा न घेता ताट पुढे द्यावं, असं तूच मंडळीला शिकवलंस. मी तेव्हापासून ते पुढेच देते आहे. तुझं काय चाललंय?

माया तसूभरही कमी न झालेली,
तुझी ताई


२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या सत्यप्रियतेमुळे मला चांगली भरपूर विश्रांती मिळाली, त्याबद्दल आभार. इथे सगळे मला फादर म्हणून चिडवतात. जुन्या गाड्या घणाने फोडून लोखंड, तांबं, काच वेगळं करायचं काम आहे. काच फोडताना फार बरं वाटतं, हे तुला सांगायला हरकत नाही.

तुला माझी काळजी नको. मी तुरुंगात गुडघे टेकून दाजींना माफ केलंय. अकरा वर्षं त्यांनी तुला मारलं, तुझी दोन बाळंतपणं वाया घालवली, तरी केलं माफ. भर कोर्टात तू माझ्याविरुद्ध बोललीस, त्याचीही तुला माफी दिली आहे. माझ्या मनात कुणाबद्दल काही उरलेलं नाही, म्हणून इथल्या उपासनेत मी तुकडाही घेतला.

येत्या रविवारी येतो. दाजींना हे तोंडावर सांगावं, असं प्रभूने मला सुचवलंय. ते कसे वागतील ते त्यांचं त्यांच्यापाशी. तूही सोबत चल. दारात थांबलीस तरी चालेल.

तुझ्या आशीर्वादांचा हक्कदार,
धाकटा भाऊ


२९ मार्च

चि. बंधूस,
अ. आ.

आधी हाताचं सांग. मनगट सुजलं होतं. हाड मोडलं असेल तर मी मोडलंय. मी दवाखान्यात ने म्हणत होते आणि तू तोंड फिरवून गाडीत बसलास.

काय करून बसलास तू हे! कडक इस्त्रीचा सदरा घालून, पवित्र ग्रंथ छातीशी धरून तुझ्या दाजींच्या घरी गेलास. ते खुर्चीतून पटकन उठूही शकत नव्हते. बसा म्हणाले, चक्क बसा म्हणाले. तू उभ्या उभ्याच सुनावलंस की मी तुम्हाला क्षमा केली आहे. ते आधी हसले. मग म्हणाले की माझा डोळा फोडून मलाच क्षमा करतोस, तर उरलेलाही फोड म्हणजे तुला स्वर्गात पुढची खुर्ची मिळेल. आणि थुंकले. थुंकी तुझ्या सदऱ्यावर पडली, एवढंच झालं. तळपायाची आग मस्तकात गेली ती तुझी. गळा धरलास, डोकं भिंतीवर आपटलंस, आरसा फुटला, काचा त्यांच्या मानेत घुसल्या. त्यांचा तो एकुलता डोळा बाहेर यायला लागला.

पिशवीत दुकानातला सुरा होता म्हणून बरं. पात्याची चपटी बाजू मी तुझ्या मनगटावर हाणली, अगदी जोर लावून. पण त्याआधी मी दारात नुसती उभी होते, हेही ऐक. क्षणभर मला वाटलं, करू दे, संपवू दे. तू तिकडे गळा आवळत होतास आणि मी इथे दारात मनातल्या मनात मदत करत होते. म्हणून तुला दोष देताना माझा आवाज वर जात नाही.

त्यांच्या मानेला टाके पडले. पोलिसात ते गेलेले नाहीत. का गेले नाहीत, मला कळत नाही.

पाळकबुवा, क्षमा म्हणजे काय पेढ्यांचा पुडा आहे, नेऊन समोर ठेवला आणि घ्या म्हटलं की झालं? तू एकदा तरी काही मागितलंस का त्यांच्याकडे?

रागावलेली, तरी तुझीच,
ताई


२६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हाड मोडलंय. डाव्या हाताने लिहितोय, अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, हसून घे. घण उचलता येत नाही, म्हणून मुकादमाने तांब्याच्या तारा सोलायला बसवलंय. दिवसभर एका जागी बसून तारा सोलायच्या आणि विचार करायचे. दुसरा धंदाच नाही.

तू विचारलंस ते डोक्यातून जात नाही. मी काहीच मागितलं नव्हतं, ताई. मी फक्त वाटत फिरत होतो. पाच वर्षं व्यासपीठावर उभा राहून क्षमेवर बोललो, लोक रडायचे, आणि मला एकदाही वाटलं नाही की आपल्यालाही ती लागते. त्या दिवशी सळई हातात होती तेव्हा तुझी आठवण फक्त पहिल्या घावापुरती होती. पुढचे सगळे घाव माझ्या आनंदाचे होते. काच फोडताना बरं वाटतं ना, तसं. तू कोर्टात जे सांगितलंस ते मला स्वतःला कबूल करायला इतका वेळ लागला. तुला मी माफी दिली असं लिहिलं होतं, ते खोडून टाक. माफी तुझी मला हवी आहे. देता आली तर बघ.

मागच्या महिन्यात घेतलेला तुकडा मला अजून घशात टोचतो. या महिन्यात ताट आलं, मी पुढे दिलं. लाज वाटली, पण खोटं वाटलं नाही.

दाजींना पत्र टाकलंय. त्यात फक्त मी काय केलं ते लिहिलं. पडल्यानंतरचा एकेक घाव लिहिला. तुम्ही ताईला मारत होतात, हे लिहायला हात शिवशिवत होता. लिहिलं नाही. ते त्यांचं आहे आणि तुझं आहे. उत्तराची आशा नाही. त्यांनी बोलावलं तर येईन आणि मारलं तर खाईन. पण हात उगारणार नाही, असं छातीठोक सांगायची आता हिंमत नाही. रोज सकाळी प्रभूकडे तेवढंच मागतो.

तुझ्या मायेवर तगून असलेला,
धाकटा


१८ मे

मेहुण्यास,

नमस्कार-चमत्कार मला लिहिता येत नाहीत, लिहिले असं समज. एका डोळ्याने ओळ वाकडी जाते, सांभाळून घे.

तुझं पत्र आलं. शेवटी कुठेतरी माझा हिशेब काढशील म्हणून दोनदा वाचलं. उत्तरही तयार ठेवलं होतं, चांगल्या ठेवणीतल्या शिव्या होत्या. त्या वाया गेल्या. पोलिसात जायचं ठरवलं होतं, पाय उचलला नाही. तुझ्या हाताखाली माझा श्वास बंद झाला तेव्हा मला ओळखीचं वाटलं. तुझी बहीण माझ्या हाताखाली असाच आवाज करायची.

तू लिहिलंस की पडल्यानंतरचे घाव तुझे. मी ट्रक चालवणारा माणूस, फार विचार करत नाही. पण काट्यावर बसल्या बसल्या माझ्या डोक्यात आलं की तिचं डोकं त्या ओंडक्यावर होतं तेव्हा ती पडलेलीच होती. मी मारलं त्यातलं एकही तिच्या उभ्या अंगावर नव्हतं. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. तिच्याकडे मागायला मला तोंड नाही. मी दुकानाच्या रस्त्यानेही जात नाही, आणि तिने परत यावं असंही म्हणत नाही. एवढं तिला कळव.

तुला माफ केलं असं लिहिणार नाही. आरशात बघितलं की अजून तुला ठार मारावंसं वाटतं. खोटं कशाला लिहू?

मागच्या पहिल्या रविवारी मी उपासनेला गेलो. शेवटच्या बाकावर बसलो. तुझी बहीण मला बघून उठली आणि पार पुढे जाऊन बसली. बरोबर केलं तिने. माझ्या बाकावर दुसरं कुणी आलं नाही. पाळकांनी ताट स्वतः आणून दिलं, मी घेतलं नाही. तसंच मांडीवर धरून बसलो, कारण पुढे द्यायला शेजारी माणूस नव्हता.

येत्या पहिल्या रविवारी ये. माझ्या डाव्या बाजूला बस. तिकडचं मला दिसत नाही, म्हणजे तुझं तोंड बघावं लागणार नाही. ताट त्याच बाजूने येतं. तुकडा घ्यायचा की नाही, ते ज्याचं त्याने तेव्हा बघावं. फक्त ताट माझ्या हातात नीट धरून दे. एका डोळ्याने मला अंतर कळत नाही.

तू अजून म्हणत असलास तर,
तुझा दाजी