वळशाचा कॉल

साहेब,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझं तुमच्याशी भांडण संपलेलं नाही. तुमसरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी लागले तेव्हा तिथली पहिली बाई ऑपरेटर मीच. बाकीचे माझ्याशी बोलायलाही कचरत. तुम्ही सुपरवायझर, पण शेजारी स्टूल ओढून बसलात आणि बोर्डाच्या भोकात दोरीचं टोक खोचून दोन गावं कशी जोडायची ते शिकवलंत. हेडसेट कानाला टोचतो म्हटलं, तर घरून कापसाची गादी शिवून आणलीत. "चालू बोलणं कधी तोडाचं नाही, बाई. तिकडे कोण काय सांगून राहिला, आपल्याले का मालूम?" हे तुमचंच वाक्य. मी ते देवाच्या शब्दासारखं धरलं.

त्या वर्षी धान निघालं होतं आणि भंडाऱ्याच्या साऱ्या लाइनी व्यापाऱ्यांच्या भावतावात अडकल्या होत्या. एका दुपारी नाकाडोंगरीच्या पोस्टातून एक बाई बोलते आहे, तिचा आवाज फुटतो आहे. "बाई, माह्या पोरीचं बाळंतपण झालं, रगत थांबून नाही राहिलं. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून गाडी बोलवाची हाय जी." एखाद्या व्यापाऱ्याचं बोलणं थांबवू का, मी तुम्हाला विचारलं. "चालू बोलणं तोडता येत नाही. अर्जंट तर सगळ्याइचंच असते," तुम्ही म्हणालात. मग मी गोंदिया मागितलं, गोंदियाकडून नागपूर, नागपूरकडून भंडारा. केवढा वळसा, पण लागला. दवाखान्यात कोणीतरी फोन उचलला. "नाकाडोंगरीवरून बोलून राहिली जी," एवढंच ती म्हणते, आणि माझ्या खांद्यावरून तुमचा हात येतो आणि दोरी उपसून टाकतो.

गोंदियाहून तक्रार आली होती. सगळ्यांसमोर तुम्ही ओरडलात, "एका कॉलपायी तीन लाइनी अडवल्या तू! सगळेच असे फिरवाले लागले, तं कोणाचाच कॉल लागन का?" थेट लाइन मोकळी झाल्यावर दवाखान्याला निरोप मीच दिला. गाडी निघाली, पण ती पोहोचायच्या आत पोरगी गेली. वेळेवर निघाली असती तर वाचली असती का, मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नव्हतं.

पुढे तिची आई एक्स्चेंजच्या दारात आली. रागावली नव्हती. "काहून कटला जी फोन? मी तं बोलूनच राहिली होती." तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "लाइन खराब होती, माय." तिने हात जोडले, आपल्या नशिबाला बोल लावला आणि गेली. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. मीही त्या दिवसापासून कामापुरतंच बोलले. तुमच्या निरोपसमारंभाला माझ्या बदलीच्या गावाहून सहज येता आलं असतं, आले नाही.

नंतर इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आली आणि मी नागपूरला नव्या पोरापोरींना शिकवू लागले. गर्दी वाढली की वळशाचे कॉल आधी थांबवायचे, थेट कॉलसाठी थोड्या लाइनी राखायच्या, नाहीतर एका गावची कोंडी सगळ्या जिल्ह्यात पसरते. पहिल्यांदा ते पुस्तकात वाचलं तेव्हा तुमचं ते ओरडणं आठवलं. तुम्ही बरोबर होतात, साहेब. पण यंत्र नवा वळसा नाकारतं, लागलेलं बोलणं तोडत नाही. आणि लाइनी भरलेल्या असल्या की तसंच सांगतं, कोणी का विचारेना. तुम्हाला त्या माउलीला एवढंही सांगवलं नाही.

वर्गात कोणीतरी विचारतंच, "मॅडम, हे तुम्हाले कोणं शिकवलं?" तुम्ही शिकवलंत, ते मला पक्कं ठाऊक आहे. पुस्तकात आहे, असं मी सांगते.