तहान लपवली तेव्हा

मैलापूर, मद्रास
मे १९८७

प्रिय हेमाक्का,

तुला नि आईला नमस्कार. मी बरा आहे, हे आधीच सांगतो. जेवण वेळेवर होतं, नोकरीही टिकली आहे. तंजावरात ऊन फार आहे का?

आता रागावू नकोस. परवा कनकाच्या घरी मी चक्कर येऊन पडलो. मला शुगर निघालीय, हे तिला ठाऊक होतं. सारखी तहान लागते म्हणून डॉक्टरकडे तीच घेऊन गेली होती. परवा आमच्या लग्नाची बोलणी होती, तर तिनंच बजावलं, "सकाळपासून पाणी पिऊ नकोस. तुझे तांब्यावर तांबे बघून अप्पा लगेच ओळखतील." मी ऐकलं. जिच्यासाठी कॉलेज सोडलं, तिच्यासाठी घोटभर पाणी काय!

शुद्धीवर आलो तोवर त्यांनी बोलावलेल्या डॉक्टरांनी शुगर ओळखली होती नि तिचे अप्पा तिला विचारत होते, "याला शुगर आहे, तुला माहीत होतं?"

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "नाही अप्पा."

डॉक्टर भडकले. "पाणी तोडून शुगर उतरत नाही रे वेड्या! अंग सुकतं नि रक्तातली साखर आणखी चढते."

आईही रात्री उठावं लागतं म्हणून पाणी टाळते ना? तिला पिऊ दे, आणि तिचं रक्त तपासून घे. माझं मात्र सांगू नकोस.

कनकानं दिलेला पितळी तांब्या मी रागानं गल्लीत फेकला. संध्याकाळी जाऊन उचलून आणला. पोचा पडलाय, पण गळत नाही.

तुझा तापट भाऊ,
सुब्बा